वीस जणांची मावशी

चाळणीचा पहिला अहवाल आला तेव्हा उपेंद्र चिरमुले यांनी तो तीनदा वाचला, चष्मा पुसला आणि चौथ्यांदा वाचला. एका माणसाच्या फोनमध्ये नऊ वर्षांत ‘मावशी’ हा शब्द अकरा हजार तीनशे चाळीस वेळा आला होता. सगळाच्या सगळा चाळणीने बाजूला काढला होता आणि पुढे शेरा होता: कौटुंबिक, खाजगी, पुढे पाठवू नये.

अहवालात नाव नव्हतं. कोणाचं नाव कळू नये म्हणूनच तर चाळण होती. तरी चिरमुल्यांना आपण कोणाच्या तरी माजघरात डोकावल्यासारखं वाटलं आणि त्यांनी कागद पालथा घातला.

मालदेवाच्या सड्यावर, त्या उघड्या खडकाळ पठारावर, पवनचक्क्या उभ्या करणाऱ्या कंपनीत ते फोन विभागाचे प्रमुख होते. विभाग म्हणजे ते, दोन कपाटं आणि एक खिडकी. सड्यावर एकशे अठरा पवनचक्क्या होत्या आणि त्या सांभाळणारी चारशे बारा माणसं. प्रत्येकाजवळ कंपनीचा काळा फोन होता. पवनचक्की थांबवायची, सुरू करायची, पंख वाऱ्याकडे वळवायचे, सगळं त्या फोनवरून. फोन म्हणजे किल्लीच. ती चोराच्या हाती लागली तर अर्ध्या जिल्ह्याची वीज त्याच्या मुठीत.

आणि नेमकी तीच भीती उभी राहिली होती. क्वांटम गणकयंत्रं आता प्रयोगशाळांतून बाहेर पडली होती. काळ्या फोनांतली कुलपं ज्या गणितावर उभी होती ते सोडवायला पूर्वीच्या यंत्रांना हजारो वर्षं लागली असती. नव्या यंत्रांना एक दुपार पुरत होती. काळे फोन बनवणाऱ्यांनी हात वर केले. म्हणून महिनाअखेरीस सगळ्यांनी राखाडी फोनांवर जायचं ठरलं. त्यांची प्रणाली वेगळी, चिप वेगळी, कुलूपही नव्या गणिताचं.

नवे फोन वाटणं सोपं होतं. अवघड होतं ते जुन्या फोनांचं शहाणपण. नऊ वर्षांत प्रत्येक काळा फोन आपल्या माणसाकडून शिकला होता. कोणती घरघर साधी, कोणती वाईट, कोण कोणत्या शब्दाला काय म्हणतो, हे सगळं त्याच्या पोटातल्या छोट्याशा कृत्रिम मेंदूत मुरलं होतं. तो मेंदू उचलून नव्या फोनमध्ये ठेवता येत नव्हता. घर बदलताना ट्रंका न उघडता नेल्या की आतली झुरळंही नव्या घरात येतात, तसं जुन्या फोनमध्ये कोणी लपून बसला असेल तर तोही बरोबर आला असता. म्हणून काहीच उचलायचं नाही असं ठरलं. राखाडी फोनांनी प्रश्न विचारायचे आणि काळ्यांनी उत्तरं द्यायची. हा आवाज कसला? या आवाजाला तुमच्याकडे काय म्हणतात? असे लाखो प्रश्न. गवई शिष्याला गळा काढून देत नाही, समोर बसवून गाऊन घेतो, तसं.

मध्ये चाळण. चाळणीचा नियम एका ओळीचा होता: जी गोष्ट निदान वीस माणसांच्या फोनमध्ये सापडेल तीच पुढे जाईल. उत्तरांत मुद्दाम थोडी भेसळही केलेली असे, म्हणजे एखादा माणूस त्या गर्दीत होता की नव्हता हे देवालाही सांगता येऊ नये. कोणाचं गुपित, कोणाचं आजारपण, कोणाचं भांडण पुढे जाणार नव्हतं. हा नियम चिरमुल्यांनीच बसवून घेतला होता. आयुष्यात एवढी एकच गोष्ट आपण नीट केली असं त्यांना वाटे, आणि तेही रोज वाटेच असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीवर टकटक झाली. शालन लोहार उभी होती. वय पंचावन्नच्या आसपास, कमरेला पट्टा, खांद्यावर दोर. सड्यावर पहिल्यांदा पवनचक्कीच्या टोकापर्यंत चढलेली बाई तीच. तिला सगळे अक्का म्हणत. चाचणीसाठी ज्या दहा जणांना राखाडी फोन दिले होते त्यांत ती होती.

“चिरमुलेसाहेब, ह्यो तुमचा नवा फोन मुका हाय.”

“मुका? बोलतो की. काल तर मी स्वतः—”

“माझ्याशी न्हाई बोलत. मी म्हणलं, मावशी आली का सांग. तर म्हणतो, कौटुंबिक माहिती नोंदवता येत न्हाई.”

चिरमुल्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अकरा हजार तीनशे चाळीस. ते कपाटाकडे वळले आणि पाठमोरेच, शब्द निवडत म्हणाले, “अक्का, राग मानू नका. पण कामाच्या फोनवर घरच्या मंडळींबद्दल, म्हणजे मावशींबद्दल, जरा कमी बोललात तर...”

उत्तर आलं नाही. ती रागावली असेल म्हणून ते घाबरून वळले. अक्का शांतपणे त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“काय म्हणालासा?”

त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं. ते संपायच्या आतच ती हसायला लागली, खिडकीची चौकट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. चिरमुले मात्र हसले नाहीत. त्यांना अचानक काहीतरी दिसलं होतं. त्यांनी बाजूचं रजिस्टर उचललं, तोंडासमोर धरलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “अक्का, चहा घेणार का?”

ती वाट बघत उभी राहिली.

त्यांनी रजिस्टर खाली केलं. अक्काचं हसू विझलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचं तिने वाचलं होतं.

“कुणाला बोलू नका,” ती म्हणाली. “चला, दाखवते.”

एकेचाळीस नंबरची पवनचक्की सड्याच्या मधोमध होती. बुडाशी लोखंडी दार, आत उंच पोकळ नळी, एक शिडी आणि एक माणूस मावेल एवढा, वर-खाली नेणारा पाळणा. दार लावलं की सगळी नळी घुमे. चिरमुले सतरा वर्षं या कंपनीत होते, पण दाराच्या आत कधी आले नव्हते. त्यांना उंचीची भीती वाटे आणि ते सांगायची लाज वाटे.

अक्काने आपला काळा फोन काढला. तो एका जाड पट्ट्यात बसवलेला होता. पट्टा गळ्यात घातला की फोन गळ्याखालच्या हाडावर घट्ट टेके.

“सात वर्षं झाली. आधी डावा कान गेला, मग उजवा,” ती म्हणाली. “यंत्राच्या आवाजानं जातात. सगळ्यांचेच थोडेथोडे जातात, माझे जरा जास्त गेले. पण तवर ह्याला शिकवून झालं होतं. यंत्राचा आवाज ह्यो ऐकतो आन मला हाडावर टकटक करून सांगतो. पहिल्यांदा नुसती गुदगुली व्हायची. मग कळाया लागलं.”

“काय कळायला लागलं?”

“आवाज. कानानं येत हुता त्यापेक्षा चांगला.”

त्यात अतिशयोक्ती नव्हती, हे त्यांना नंतर गणित करून बघितल्यावर कळलं. माणसाचा कान एका ठरावीक मर्यादेखालचा जाड आवाज ऐकूच शकत नाही. फोनमधला कंपनमापक त्याच्याही खाली, सेकंदाला एखाद-दुसरा हेलकावा घेणारी थरथर पकडत होता. फोनने ती बोटाने वाजवल्यासारखी हाडावर वाजवावी, बाईने तिला नाव द्यावं, फोनने नाव लक्षात ठेवावं, चुकला तर बाईने दटावावं. नऊ वर्षं हा धडा चालला होता. आता सड्यावर ही एकच बाई होती जिला पवनचक्कीचं दुखणं ती बंद पडायच्या आधी दोन दिवस जाणवत होतं.

“नावं नात्यांचीच का?” त्यांनी विचारलं.

“मग कसली देऊ? ही कायम गुरगुरती ती सासू. तिचं काय मनावर घ्यायचं न्हाई. बोल्ट ढिला झाला की बारीक किरकिर करती ती धाकटी जाऊ. आन मावशी. मावशी न सांगता येती. गुपचूप. आन एकदा आली की हलत न्हाई. मोठ्या बेअरिंगला आतनं चरा पडला की ती येती. तिच्या मागनं दोन दिवसांनी यंत्र मोडतं. माझ्या मावशीवरनंच ठेवलंय, खोटं कशाला बोलू.”

तिने पट्टा त्यांच्या गळ्यात घातला. चिरमुल्यांना थरथर जाणवली, पण तिच्यात काही ओळखू आलं नाही. परक्या गावच्या बाजारात उभं राहिल्यासारखा नुसता गलका. तरी अंगावर काटा आला. या गलक्यात कोणीतरी काहीतरी बोलतंय, आणि समोरच्या बाईला ते समजतंय.

“महिनाअखेरीला ह्यो काळा काढून घेणार तुमी,” अक्का म्हणाली. “नव्याला माझं काय येत नसंल तर मी खाली. स्टोअरला बसवतील, नटबोल्ट मोजत. खाली मी बहिरी हाय, साहेब. वर न्हाई.”

चार दिवस चिरमुल्यांना जेवण गोड लागलं नाही. चाळण बाजूला सारायचा एक मार्ग होता. दोन किल्ल्या लागत, एक त्यांची आणि एक मॅनेजर साधना बर्गे यांची. पण चाळणीला एका माणसापुरतं दार नव्हतं. उघडली तर चारशे बारा जणांची उघडली असती. कोणाचं कर्ज, कोणाचं घटस्फोटाचं प्रकरण, कोणाच्या गोळ्या, सगळं भसकन नव्या फोनांत गेलं असतं. एका बाईच्या कानांसाठी चारशे अकरांना उघडं पाडायचं? आणि न पाडावं तर तिला खाली बसवायचं? त्यांनी कागदावर दोन्ही बाजू लिहून काढल्या. दोन्ही खऱ्या वाटत होत्या. असं त्यांचं नेहमीच होई.

पाचव्या दिवशी नियमाचा मजकूर पुन्हा वाचताना त्यांना एक शब्द टोचला. वीस. एकटीचं असेल तर खाजगी, विसांचं असेल तर नाही. ‘मावशी’ हा शब्द तर सगळ्यांच्याच फोनमध्ये होता, पण प्रत्येकाची मावशी वेगळी, म्हणून चाळण तो अडवत होती. विसांच्या फोनमध्ये त्या शब्दाला एकच थरथर जोडलेली सापडली तर? मग ती कोणाच्या घरातली मावशी राहिली नाही. तो भाषेतला शब्द झाला. भाषेत आजवर आलेला प्रत्येक शब्द कधीतरी एका माणसाचाच असणार, आणि अशीच कुठली तरी चाळण ओलांडून आला असणार, हे यापूर्वी कधी त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यांनी अक्काला सांगितलं. ती उखडली.

“म्हणजे वीस जणांपुढं जाऊन सांगू, मी बहिरी हाय? सात वर्षं लपवलं ते त्यासाठी?”

“तुम्हाला शिकवावं लागेल. आणि शिकवायचं तर का शिकवता ते...”

“तुमचं काय जातंय बोलाया,” ती म्हणाली आणि निघून गेली.

चिरमुल्यांना ते पटलं. त्यांचं खरंच काही जात नव्हतं.

पण दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी, कँटीनमध्ये पहिल्या पाळीची साठेक माणसं मिसळ खात असताना, अक्का उभी राहिली. तिने स्टीलचा पेला टेबलावर आपटला.

“ऐका. मला ऐकाया येत न्हाई. सात वर्षं झाली. वरनं मी बोलत न्हाई, मेसेज लिवते, ते ह्याच्यामुळं. आता काय बोलायचं ते माझ्याकडं तोंड करून बोला.”

कोणी घास गिळेना. कोपऱ्यात सुलेमान शिकलगार बसला होता. सात नंबरच्या टोळीचा मुकादम, तिच्याच बरोबरीचा, जिभेला हाड नसलेला. त्याने सावकाश तोंड पुसलं.

“म्हणूनच,” तो म्हणाला. “सात वर्षं मी पाठीमागनं हिला शिव्या देतोय, आन ही आपली हसती.”

“समोरनं देत हुतास तवा वाचत हुते,” अक्का म्हणाली. “पाठीमागच्या राहिल्या. त्या आज दे.”

कँटीन हसलं. हसता हसता कोणीतरी डोळे पुसले. मग अक्काने पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि मावशीचं सगळं सांगितलं. गेल्या पाच वर्षांत बावन्न नंबर, तेरा नंबर, शहाण्णव नंबर अशी जी यंत्रं वेळेआधी थांबवून वाचली, ती अक्काच्या ‘अंदाजा’मुळे वाचली असं सगळे समजत होते.

बर्गेमॅडमना हे अर्ध्या तासात कळलं. त्या खाली आल्या. कडक बाई, पण दुष्ट नव्हे.

“शालनताई, हे तुम्ही लपवायला नको होतं,” त्या तिच्यासमोर उभ्या राहून स्पष्ट म्हणाल्या. “ज्याला वर धोक्याचा आवाज कळत नाही त्याला मी वर पाठवू शकत नाही. तुम्हाला कळतो असं तुम्ही म्हणता. ठीक आहे. नव्या फोनवर कळला तर तुम्ही वर. नाही तर खाली. चाळण मी उघडणार नाही. चिरमुले, तुम्ही मागणारही नाही.”

“नाही मागणार,” चिरमुले म्हणाले.

अकरा दिवस उरले होते.

एकेचाळीस नंबरला त्याच आठवड्यात सौम्य मावशी आली होती. त्या पवनचक्कीचं बेअरिंग पुढच्या महिन्यात बदलायचंच होतं, म्हणून तिला अगदी हळू फिरती ठेवली. ती झाली शाळा. पाळी संपली की माणसं तिथे जमत, आपापला काळा फोन पट्ट्यात बसवून गळ्यात घालत, आणि अक्का त्यांच्यामागे उभी राहून त्यांच्या खांद्यावर दोन बोटं ठेवी. थरथर आली की बोटं दाबी.

“ही. आली. गेली. आता ही सासू. सासूला मावशी म्हणू नको, दोघी चिडतील.”

फोन विचारी: हे काय? माणूस सांगे. चूक असली तर अक्का टपली मारी. माणसाचा शब्द आणि फोनचा अंदाज सलग पुरेशा वेळा जुळला की त्या फोनमध्ये ती गोष्ट पक्की झाली असं धरलं जाई. खोटं चालत नसे. नुसतं ‘मावशी, मावशी’ म्हणणाऱ्या दोघांच्या फोनांनी त्यांना नापास केलं. मग बाकीची माणसं दुसऱ्या पवनचक्क्यांच्या बुडाशीही कान, म्हणजे हाड, लावून बसायला लागली. कोणी तीन नंबरला, कोणी नव्वदला, एकाच वेळी. सुलेमान चौथ्या दिवशी पास झाला. तो त्या दिवशी जेवताना काहीच बोलला नाही, म्हणून लोकांना त्याची काळजी वाटली.

“काय झालं रे?” अक्काने विचारलं.

“तीस वर्षं हे यंत्र माझ्याशी बोलत हुतं,” तो म्हणाला. “आन मी त्याला ग्रीस लावत हुतो.”

चिरमुले रोज आकडा लिहीत. सहा. अकरा. चौदा. मग गती मंदावली. काहींना यायचंच नाही, काहींची पाळी बदलली. शेवटल्या दिवशी सकाळी आकडा एकोणीस होता. उमेदवार संपले होते. संध्याकाळी पाचला प्रश्नोत्तरं बंद होणार होती.

अक्का खिडकीपाशी आली. “किती?”

चिरमुल्यांनी एक आणि नऊ बोटांनी दाखवले. तिने मान हलवली आणि वळली. तिची पाठ त्यांना दिसली. त्याच वेळी त्यांची नजर टेबलावरच्या स्वतःच्या काळ्या फोनवर गेली. फोन विभागाचे प्रमुख असले तरी तेही कंपनीचेच माणूस होते, चारशे बारांपैकी एक. हे अकरा दिवसांत त्यांच्या मनात आलंच नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि त्यांनी ते दर वेळी पालथं घातलं होतं.

ते धावत बाहेर गेले आणि तिच्यापुढे जाऊन उभे राहिले, तोंड तिच्याकडे करून.

“मला येणार नाही,” ते म्हणाले. “पण मी बसतो.”

खालून त्यांना काही कळेना. दोन वाजले, तीन वाजले. फोन विचारी, हे काय, आणि ते दर वेळी चुकत. अक्का म्हणाली, “खाली सगळ्यांचा गोंधळ हाय. वर मावशी जवळ हाय. चला.”

पाळणा एका माणसाचा होता. ती शिडीने वर चढली, ते पाळण्यातून. ऐंशी मीटर. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. वर झडप उघडून तिने त्यांना यंत्राच्या खोलीत ओढून घेतलं आणि त्यांचा तळहात बेअरिंगच्या गार कवचावर ठेवला.

“डोळं उघडू नका. मोजू नका. तुमी मोजताय, मला दिसतंय. वाट बघा नुसती.”

ते वाट बघत राहिले. गळ्याखालच्या हाडावर गलका चालू होता. मग हळूहळू तो विरळ झाला, गर्दीतून माणसं पांगावीत तसा. एक संथ, जाड गुरगुर तेवढी उरली. सासू. आणि तिच्याही खाली, एवढा वेळ तिथेच असलेलं आणि आत्ताच लक्षात आलेलं, असं काहीतरी होतं. एक फार सावकाश येणारा हेलकावा. यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. कोणीतरी न बोलता घरात आलंय, पायरीवर बसलंय, आणि आता जाणार नाही. एवढं मोठं लोखंड, ऐंशी मीटर उंच, त्याला कुठेतरी केसाएवढा चरा पडलाय, आणि ते सांगतंय. किती दिवस सांगतंय.

“हे काय?” फोनने विचारलं.

“मावशी,” चिरमुले म्हणाले.

त्यांना आपण रडतोय हे कळलं नाही. फोनने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं. साडेचार वाजता त्यांच्या फोनमध्ये ती पक्की झाली. आकडा वीस.

महिनाअखेरीस चारशे बारा काळे फोन खिडकीवर जमा झाले. चिरमुल्यांनी प्रत्येक फोनमधली गुप्त किल्ली पुसून टाकली आणि फोन दळणयंत्रात टाकले. पलीकडून काळी भुकटी पडत होती. अक्काने आपला फोन देताना तो क्षणभर कपाळाला लावला.

मग राखाडी फोन गळ्यात घालून ती एकेचाळीस नंबरच्या दाराशी गेली. सोबत चिरमुले आणि बर्गेमॅडम. यंत्र सुरू होतं. अक्काने डोळे मिटले. एक मिनिट गेलं, दोन गेली. तिच्या कपाळावर आठी पडली. चाळण, भेसळ, वीस, सगळं चिरमुल्यांनीच बसवलं होतं. चुकलं असेल तर त्यांचंच.

“काय आहे?” बर्गेमॅडमनी तिच्या समोर येऊन विचारलं.

“सासू हाय. मावशी हाय, बोलतीया चांगली. पण ही माझी न्हाई. माझ्यापेक्षा... ह्यात सगळ्यांचे हात लागल्यात. सुलेमानचा रांगडेपणा बी हाय. आन अजून एक काहीतरी हाय. खालनं येतंय.”

तिने बूट काढले, खडकावर अनवाणी उभी राहिली. मग पश्चिमेकडे तोंड केलं.

“हे इथलं न्हाई. तिकडनं येतंय, खडकातनं. सात नंबर.”

सात नंबर तिथून चार किलोमीटरवर होती. चिरमुले काही बोलणार, तोच त्यांच्या स्वतःच्या गळ्याखाली ती थरथर आली. बोथट, तुटक, कधीही न भेटलेली. आणि त्यांनाही वाटलं, पश्चिमेकडून.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. पवनचक्कीची थरथर बुडातून खडकात उतरते आणि कित्येक किलोमीटर जाते, हे पुस्तकांत होतं, त्यांनी वाचलंही होतं. ते अकरा दिवस माणसं सड्यावर ठिकठिकाणी एकाच वेळी बसली होती. तीच थरथर एकाला आधी पोचली, दुसऱ्याला क्षणभर नंतर. नव्या फोनांनी विसांना एकच प्रश्न विचारता विचारता तो उशीरही शिकून घेतला होता. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. जुना फोन पायाखालची एक पवनचक्की ओळखत होता. हे नवे मिळून सगळा सडा ओळखत होते, एका अंगासारखा.

अक्का त्यांच्याकडे बघत नव्हती. तिचा अंगठा फोनवर चालला होता. तिने सुलेमानला लिहिलं: वर जाऊ नको. यंत्र थांबव.

उत्तर आलं: एक पाय शिडीवर हाय. का?

तिने लिहिलं: उतर.

सात नंबर थांबली. दीड तासाने बर्गेमॅडमचा फोन वाजला. बुडाशी पवनचक्की जमिनीला धरून ठेवणाऱ्या बोल्टांपैकी तीन आतून तडकले होते. वरून काही दिसत नव्हतं. मॅडमनी फोन खिशात टाकला, अक्काच्या समोर आल्या, तिच्या गळ्यातल्या राखाडी फोनकडे एकदा पाहिलं आणि बाजूला झाल्या. वर जायची शिडी मोकळी झाली.

अक्काने बूट घातले, पट्टा कसला. एक पाय शिडीवर ठेवला. तेवढ्यात तिच्या हाडावर टकटक झाली, आणि त्याच क्षणी चिरमुल्यांच्याही, आणि सड्यावर विखुरलेल्या आणखी अठरा जणांच्याही. फोन विचारत होते: ही नवी आहे. हिला काय म्हणायचं?

सुलेमानचा मेसेज लगेच आला. त्याने सुचवलेलं नाव लिहिण्यासारखं नव्हतं. अक्काने ते वाचलं, हसली, आणि फोन चिरमुल्यांपुढे धरला.

“तुमी सांगा, साहेब. तुमाला शब्द माहीत असतात.”

चिरमुले विचारात पडले. त्यांना बरेच शब्द सुचले आणि एकही पुरा वाटला नाही.

“आत्ता नको,” ते म्हणाले. “आधी विसांनी तिच्याजवळ जाऊन बसू. मग ठरवू.”

“मंग बुडाशीच बसू आज,” अक्का म्हणाली आणि शिडीवरचा पाय खाली घेतला. “चला. सातला जाऊ.”